प्रबंधाची पारख

विद्यापीठाच्या ग्रंथालयातला प्रबंध आपण कधी हातात घेतला आहे काय? जाड पुठ्ठा, त्यावर काळे नाहीतर तांबडे कापड, पाठीवर सोनेरी अक्षरांत विषय, उमेदवाराचे नाव आणि वर्ष. आत तीन-चारशे पाने. हा ग्रंथ लिहायला चार-पाच वर्षे जातात, आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी माणसे पुष्कळदा तीनच असतात. एक मार्गदर्शक आणि दोन बाहेरचे परीक्षक. या तिघांनी मान डोलावली की आतली विधाने 'संशोधनाने सिद्ध झालेली' ठरतात. मग ती क्रमिक पुस्तकात शिरतात, वर्तमानपत्रात येतात, गावच्या जत्रेच्या स्मरणिकेत छापली जातात, आणि काही वर्षांनी गुरुजी तीच फळ्यावर लिहितात. तेव्हा त्या तिघांनी काय वाचलं आणि कसं वाचलं, याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही असं म्हणून भागत नाही.

वसईत तर मुळीच भागत नाही. इथे एकाच कादोडी बोलीत बोलणारी हिंदू घरं आहेत आणि ख्रिस्ती घरंही आहेत. दोघांच्या केळीच्या वाड्या शेजारी शेजारी, बावखलाचं पाणी एकच. कुणाचे पूर्वज केव्हा आणि कशा परिस्थितीत ख्रिस्ती झाले, १७३९ नंतर कोण परत फिरले, कोण तसेच राहिले, याबद्दल एखाद्या प्रबंधात पुराव्यावाचून चार ओळी पडल्या आणि त्यांवर पदवीचा शिक्का बसला, तर त्या ओळींचं ओझं दोन्ही वाड्यांना पिढ्यान् पिढ्या वाहावं लागतं.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं तेव्हा ते शिकवणारं विद्यापीठ नव्हतंच. लंडनच्या धर्तीवर ते केवळ परीक्षा घेई. शिकवण्याचं काम कॉलेजांचं. म्हणजे पारख आधी आली, संशोधन मागाहून. विद्यापीठाने स्वतःचे शिकवणारे विभाग काढले ते १९१९ च्या सुमारास. त्यांत समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्याकडे होता, आणि पुढे तो गो. स. घुर्ये यांनी कित्येक वर्षे चालवला. इतिहासात फादर हेन्री हेरास या स्पॅनिश जेझुइटांनी १९२६ मध्ये सेंट झेवियर कॉलेजात भारतीय इतिहास संशोधनाची संस्था काढली. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. कॉलेजात आल्यावर त्यांना विचारण्यात आलं, आपण कोणता इतिहास शिकवणार? ते म्हणाले, भारताचा. भारताचा इतिहास आपल्याला किती येतो? म्हणाले, काहीच येत नाही. मग शिकवणार कसा? तर म्हणाले, अभ्यास करीन. ही गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, हेरासांनी अभ्यास केला आणि विद्यार्थ्यांकडून करवून घेतला, एवढं खरं. 'कुणीतरी म्हटलं आहे' एवढ्यावर न थांबता मूळ कागद, मूळ ताम्रपट, मूळ नाणं पाहण्याची शिस्त अशा माणसांमुळे आपल्याकडे रुजली.

आता परीक्षक म्हणजे काय करतो ते वसईच्याच उदाहरणाने पाहू. समजा, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेवरचा प्रबंध समोर आला आहे. पहिली परीक्षा तारखेची. किल्ला केव्हा पडला? पोर्तुगीजांच्या कागदांत शरणागतीची तारीख सापडते १६ मे १७३९. मुंबईकर इंग्रजांच्या हिशेबाने तोच दिवस येतो ५ मे. दोघांत खोटं कुणीच बोलत नाही. पोर्तुगालने नवं, म्हणजे ग्रेगरी पोपचं पंचांग १५८२ मध्येच घेतलं होतं. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्याच पंचांगाला चिकटून होते. अठराव्या शतकात दोहोंत अकरा दिवसांचा फरक पडे. हे ज्याला ठाऊक नाही तो उमेदवार दोन्हीकडच्या तारखा एकाच पानावर ठेवील आणि मोठ्या गांभीर्याने लिहील की किल्ला पडण्यापूर्वीच तो पडल्याची खबर मुंबईच्या इंग्रजांना होती!

मराठी कागदांचा पेच याहून गोड. त्यांत तिथी असते आणि सुहूर सन असतो. शक चैत्रात बदलतो, सुहूर सन बदलतो मृग नक्षत्राबरोबर. म्हणून मे १७३९ मधल्या कागदाला शक नवा, १६६१. पण सुहूर सन अजून जुनाच, 'तिसा सलासीन मया व अलफ', म्हणजे ११३९. हा सन सुरू झालेला असतो १७३८ च्या मृगात. तेव्हा नुसत्या सनाच्या आकड्यावर इसवी सन बेतणारा सहज एक वर्ष मागे घसरतो. शेतकरी वाचकांना हे चटकन उमगेल, कारण मृगाचा हिशेब त्यांना आम्हा कॉलेजवाल्यांपेक्षा बरा कळतो.

दुसरी परीक्षा आकड्यांची. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात वेढ्यातली मराठ्यांची हानी पाच हजारांवर आणि पोर्तुगीजांची आठशे अशी दिली आहे. बहुतेक प्रबंध हा आकडा उचलतात आणि खाली टीप देतात. टीप दिली म्हणजे काम झालं, असा एक समज आहे. परीक्षकाने विचारायचं ते पुढचं. हा आकडा ग्रँट डफला कुणी सांगितला? यांत मेलेले किती, जखमी किती? शरण गेलेल्याने आपली हानी मोजली आहे की जिंकणाऱ्याने? लढाईनंतर दोन्ही बाजूंना आकडे फुगवायचे असतात. हरणाऱ्याला शत्रूचे मृत जास्त हवे असतात, आणि जिंकणाराही कधी कधी आपली हानी वाढवून सांगतो, पराक्रम मोठा दिसावा म्हणून.

तिसरी परीक्षा साधनांच्या भाषेची, आणि इथे बहुतेकांचं घोडं अडतं. वसईच्या इतिहासाचे कागद तीन ठिकाणी विभागले आहेत. मराठी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात. त्यांतले निवडक गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर पंचेचाळीस भागांत छापले. इंग्रजी कागद मुंबईत. आणि पोर्तुगीज कागद पणजीला व लिस्बनला. पोर्तुगीज न शिकता वसईवर लिहिणं म्हणजे भांडणातल्या एकाच भावाची साक्ष काढून निकाल देणं. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घातलं आणि पोर्तुगीज दफ्तरातला मराठ्यांचा इतिहास मराठीत आणला. तो ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढला. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याची मोठी सोय झाली. पण पिसुर्लेकरांनी निवडलेले कागद वाचणं वेगळं आणि पोत्यात उरलेले वाचणं वेगळं. परीक्षकाने तोंडी परीक्षेत एखादा पोर्तुगीज कागद पुढे ठेवून 'वाचा बघू' म्हणावं. दोन मिनिटांत सगळं कळतं.

चौथी गोष्ट बखरीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उत्तर कोकणातल्या कितीतरी जातींच्या वंशावळी महिकावतीच्या बखरीपर्यंत जाऊन पोचतात. बिंबराजा आला, त्याच्याबरोबर अमुक कुळे आली, हे आपण आजोबांकडून ऐकलेलं असतं. ही बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये छापली. छापली एवढंच नाही, तर सोलून दाखवली. तिची सहा प्रकरणे एका हातची नाहीत, एका काळचीही नाहीत. त्यांतली दोन शके १३७० च्या, म्हणजे १४४८ च्या सुमाराची, बाकीची पुढची, असं त्यांनी प्रकरणागणिक मांडलं. त्यांचे सगळेच निष्कर्ष आज कुणी मानील असं नाही. पण त्यांच्यानंतर 'बखरीत म्हटले आहे' असं मोघम लिहिण्याचा हक्क कुणालाच उरला नाही. कोणत्या प्रकरणात, तो भाग केव्हाचा, आणि लिहिणाऱ्याला ते सांगण्यात काय स्वारस्य होतं, हे सांगितलंच पाहिजे. जुन्यातला जुना भाग घेतला तरी बिंबराजाचा काळ आणि तो लिहिणारा यांच्यात शतकाहून अधिक अंतर आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या घरात काय घडलं ते आपल्यापैकी किती जणांना बिनचूक सांगता येईल? गंमत अशी की हे सारं करणारे राजवाडे स्वतः बी. ए. होते, त्यांनी कुठल्या विद्यापीठाला प्रबंध सादर केला नाही.

परीक्षकाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. परीक्षक म्हणजे न्यायाधीश खरा, पण न्यायाधीशालाही स्वतःची मते असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लंडन विद्यापीठाला ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर त्यांनी केलेली कडक टीका परीक्षकांना रुचली नाही, असं चरित्रकार सांगतात. पैसे संपत आलेले. बाबासाहेब मुंबईला आले, इथे बसून त्यांनी प्रबंधाची मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र सोडले नाहीत, आणि वर्ष संपण्याच्या आत तो मान्य होऊन छापलाही गेला. त्याला प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. आणि त्या प्रस्तावनेत काय असावं? या लेखकाचे बहुतेक युक्तिवाद मला पटत नाहीत, पण काही घाव अगदी वर्मी बसले आहेत आणि जिथे तो चुकला असं वाटतं तिथेही त्याच्या विचारांत ताजेपणा आहे, असा त्याचा आशय. परीक्षा कशी करावी याचा यापरता धडा मला माहीत नाही. निष्कर्ष पटला की नाही हा प्रश्न निराळा, काम कसाला उतरलं की नाही हा निराळा.

दुसरं उदाहरण इरावती कर्व्यांचं. मुंबईला घुर्यांच्या हाताखाली एम. ए. करून त्या बर्लिनला गेल्या. तिथे मार्गदर्शक ऑइगेन फिशर. हेच गृहस्थ पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते; या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, गोऱ्यांचा मेंदू त्यामुळे वरचढ ठरतो, असं काहीतरी निघावं ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाशी असा संबंध दिसत नाही. १९३० साली त्यांना पदवी मिळाली, पण श्रेणी मिळाली अगदी तळची. फिशरांनी अडवलं नाही, हे त्यांच्या पदरात टाकू. पण त्या श्रेणीवरून प्रबंधाची किंमत ठरवायची म्हटली तर काय होईल ते आपणच पाहा.

आणि जे पदवीच्या वाटेला गेलेच नाहीत त्यांचं काय? १८८२ मध्ये सोपाऱ्याला बुरूड राजाच्या कोटात खणून भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उजेडात आणला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा वाचला. हे इंग्रजी शाळा-कॉलेजच्या चाकोरीतले विद्वान नव्हते. हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरकी दिली. पुढे १९५६ मध्ये आपल्याच भुईगावला अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. दगड गावातच होता. तो ओळखायला डोळे हवे होते.

आज एक नवं यंत्र आलं आहे, त्याविषयी थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले. संगणक प्रबंध ताडून पाहतो. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही; त्यापुढे चाळीसपर्यंत सुधारून आणायचा; साठपर्यंत वर्षभर प्रबंध सादर करण्यास बंदी; साठच्यावर नोंदणीच रद्द. नियम चांगला आहे. पण यंत्र शब्द मोजतं, विचार मोजत नाही. इंग्रजी पुस्तकातली पानं मराठीत उतरवून स्वतःची म्हणून दिली तर यंत्र सहज फसतं. ती पुस्तकं वाचलेला परीक्षक फसत नाही. म्हणून वाचणाऱ्या माणसाची गरज संपलेली नाही. उलट, 'यंत्राने पास केलं आहे' म्हणून न वाचता सही करण्याचा मोह वाढला आहे.

आता तुमच्या वाट्याची गोष्ट. वसईच्या, किंवा कुठल्याही गावच्या इतिहासावर काम करणारा विद्यार्थी आज ना उद्या तुमच्या ओट्यावर येतो. म्हातारीची गाणी लिहून नेतो, देवळातल्या घंटेचा फोटो काढतो. वसईहून आलेल्या पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकराला, भीमाशंकरला, मेणवलीला टांगलेल्या आहेतच. त्यांवरचे क्रूस आणि इसवी सनाचे आकडे हाही पुरावाच. तो सनदा मागतो, कुटुंबाचे जुने कागद मागतो. द्यावेत, पण मूळ कागद देऊ नयेत, नक्कल द्यावी. त्याचं नाव, विद्यापीठ आणि मार्गदर्शक विचारून वहीत लिहून ठेवावं. सांगितलेलं कुणाच्या नावावर जाणार आहे तेही विचारावं. आजोबांनी रात्र जागून सांगितलेली हकीकत 'क्षेत्रभेटीत मिळालेली माहिती' एवढ्या शब्दांत गुंडाळली गेली, तर परीक्षकाला ते कळायला मार्ग नसतो.

आणि प्रबंध झाल्यावर तो वाचावा. शिक्षकांनी हे आवर्जून करावं. पूर्वी यासाठी मुंबईला ग्रंथालयात खेपा घालाव्या लागत. आता शोधगंगा नावाच्या संगणकीय भांडारात देशभरातल्या पीएच. डी.च्या प्रबंधांच्या प्रती ठेवल्या जातात आणि त्या कुणालाही फुकट वाचता येतात. आपल्या गावावरचं प्रकरण काढा, सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन बसा. विहिरीचं नाव बरोबर आहे का, पाडा खाडीच्या कुठल्या अंगाला दाखवला आहे, कुठल्या घराची हकीकत कुणाच्या तोंडी घातली आहे, हे तपासा. चूक आढळली तर पान क्रमांक घालून विद्यापीठाला आणि संशोधकाला साधं पत्र लिहा. बाहेरच्या दोन परीक्षकांनी तुमची विहीर पाहिलेली नसते.