विंडोज ११चा स्टार्ट मेन्यू: तुमच्या फायलींची नावं इतरांना दिसू नयेत म्हणून काय कराल?

विंडोज ११मध्ये स्टार्टचं बटण दाबलं की वर ॲपची चिन्हं दिसतात आणि त्याखाली 'रेकमेंडेड' नावाचा एक भाग. नावावरून तिथे कंपनीच्या शिफारशी असतील असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे बहुतेकदा तुम्हीच नुकत्याच उघडलेल्या फायली असतात. पगाराची स्लिप, दुसऱ्या नोकरीसाठी तयार केलेला बायोडाटा, पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट. घरात एकच लॅपटॉप चौघांत फिरत असेल, किंवा ऑफिसात तो प्रोजेक्टरला जोडलेला असेल, तर एका क्लिकवर ही नावं सगळ्यांसमोर येतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. त्यामुळे जुन्या मेन्यूची सवय असलेल्यांनाही आता ११कडे वळावं लागतंय. मेन्यू बदलला की लोक वैतागतात, हेही काही नवीन नाही. १९९५ साली विंडोज ९५सोबत स्टार्टचं बटण आलं. २०१२मध्ये विंडोज ८ने ते काढून टाकलं, आणि ओरड झाल्यावर पुढच्याच वर्षी ८.१मध्ये ते परत आणावं लागलं. विंडोज १०मधल्या हलत्या, रंगीत टाइल्स ११मध्ये गेल्या आणि त्यांच्या जागी साधी चिन्हं आली.

फायलींची यादी कशी बंद करायची?

सेटिंग्जमध्ये 'पर्सनलायझेशन' आणि त्यात 'स्टार्ट' उघडा. इथे एकाखाली एक बटणं दिसतील. नुकतीच इन्स्टॉल केलेली ॲप दाखवायची का, जास्त वापरली जाणारी दाखवायची का, आणि 'रेकमेंडेड फाइल्स' दाखवायच्या का. हे शेवटचं बंद केलं की स्टार्टमधल्या फायली गायब होतात. मूळ फायलींना धक्का लागत नाही, त्या जिथे होत्या तिथेच राहतात.

पण इथे एक मेख आहे. हेच बटण आणखी दोन ठिकाणच्या याद्या बंद करतं. एक म्हणजे फाइल एक्स्प्लोररमधली अलीकडच्या फायलींची यादी. दुसरी म्हणजे टास्कबारवरच्या चिन्हावर राइट क्लिक केल्यावर उघडणारी 'जंप लिस्ट'. कालची एक्सेल शीट रोज याच मार्गाने उघडणाऱ्याची दुसऱ्या दिवशी चांगलीच पंचाईत होते, आणि त्याचं कारण स्टार्टच्या सेटिंगमध्ये असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. तिन्हीकडे वेगवेगळी बटणं द्यायला काय हरकत होती, हा प्रश्न रास्तच आहे.

एखाद-दुसरी फाइलच लपवायची असेल, तर सगळी यादी बंद करू नका. 'रेकमेंडेड'मध्ये तिच्यावर राइट क्लिक करून 'रिमूव्ह फ्रॉम लिस्ट' निवडा. वर्ड, एक्सेलच्या आत दिसणारी स्वतःची यादी मात्र यातल्या कशानेच पुसली जात नाही. म्हणून लॅपटॉप अनेकजण वापरत असतील तर प्रत्येकाला वेगळं यूजर अकाउंट आणि पासवर्ड देणं हाच खरा उपाय. मग प्रत्येकाचा मेन्यूही आपोआप वेगळा होतो.

याच पानावर टिप्स आणि नवी ॲप सुचवण्याचंही एक बटण आहे. २०२४पासून मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्या ॲपची जाहिरातवजा शिफारस स्टार्टमध्ये येऊ लागली, ती इथून थांबवता येते.

चिन्हं हवी तशी लावायची तर?

नव्या लॅपटॉपवर आधीपासून पिन केलेली अनेक चिन्हं असतात. त्यातली काही ॲप तर इन्स्टॉलही झालेली नसतात, क्लिक केल्यावर डाउनलोड होऊ लागतात. नको त्या चिन्हावर राइट क्लिक करून 'अनपिन' करा. अनपिन म्हणजे फक्त चिन्ह हटवणं. ॲपच काढायचं असेल तर 'अनइन्स्टॉल'. एक चिन्ह ओढून दुसऱ्यावर सोडलं की मोबाइलसारखा फोल्डर तयार होतो, त्याला 'बँक', 'शाळा' असं मराठी नावही देता येतं.

स्टार्टचं बटण मधोमध नको असेल, तर 'पर्सनलायझेशन'मधल्या 'टास्कबार'मध्ये अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात येतं.

तुमचा मेन्यू वेगळा दिसतोय?

२०२५च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने नवा स्टार्ट मेन्यू टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. जुन्यात सगळी ॲप पाहण्यासाठी 'ऑल' बटण दाबून दुसऱ्या पानावर जावं लागतं. नव्यात खाली स्क्रोल केलं की ती तिथेच दिसतात, आणि यादी, ग्रिड किंवा वर्गवारी यांपैकी मांडणी निवडता येते. वर्गवारी विंडोज स्वतः करतं, त्यामुळे एखादं ॲप भलत्याच गटात सापडू शकतं. पटकन शोधायचं तर यादी बरी.

नव्या मेन्यूत बटणं बंद केली की 'रेकमेंडेड'चा भाग पूर्ण नाहीसा होतो. जुन्यात रिकामी जागा उरते. तिथे 'लेआउट'मध्ये 'मोअर पिन्स' निवडलं तर ती कमी होते, एवढंच.

ज्येष्ठांसाठी एक युक्ती

घरातल्या आजी-आजोबांना इंग्रजी नावं ओळखता येत नसतील, तर काही प्रोग्रॅमची नावं बदलता येतात. 'ऑल'मधल्या प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा (हा पर्याय कधी 'मोअर'च्या आत असतो). उघडलेल्या फोल्डरमधल्या शॉर्टकटला 'इंटरनेट' असं नाव द्या आणि मग तो स्टार्टला पिन करा. विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागेल. स्टोअरमधून घेतलेल्या ॲपना हा पर्याय मिळत नाही.

जुना मेन्यूच हवा असलेल्यांसाठी ओपन-शेल हे मोफत आणि स्टार्ट११ हे पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर आहे. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर अशी सॉफ्टवेअर कधीकधी बिघडतात. ती घ्यायचीच तर बनवणाऱ्यांच्या अधिकृत पानावरूनच घ्या, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकण्याआधी आयटी विभागाला विचारा.