टेलोमियर लांबवून कोणाचे आयुष्य वाढते?

गुणसूत्राच्या टोकाचे टेलोमियर दर विभाजनाला झिजते, पुरेसे झिजले की पेशी म्हातारी होते. तेव्हा टेलोमियर लांबवा आणि वय थोपवा. ही मांडणी आता आरोग्य पुरवण्यांपासून कॅप्सूलच्या बाटल्यांपर्यंत पोचली आहे. तिच्यामागे २००९ च्या नोबेलचे वजनही उभे केले जाते. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना ते मिळाले टेलोमियर आणि ते लांबवणारे टेलोमरेज हे विकर यांवरील कामासाठी, तारुण्याच्या शोधासाठी नव्हे.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही. १९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवून दिले की माणसाच्या निरोगी पेशी काचपात्रात सुमारे ५० वेळा दुपटीने वाढतात आणि थांबतात. तोवर कारेल यांच्या १९१२ पासून जोपासलेल्या ‘अमर’ कोंबडी-पेशींचा दबदबा होता. पेशी वाढायच्या थांबल्या तर दोष खाद्याचा, असेच म्हणत. हेफ्लिक यांनी पुष्कळ वेळा विभागलेल्या पुरुषपेशी आणि ताज्या स्त्रीपेशी एकाच पात्रात वाढवल्या. काही काळाने पाहिले तर उरल्या त्या फक्त स्त्रीपेशी. खाद्य तेच, पात्र तेच, मोजणी मात्र ज्याची त्याची. शिवाय टेलोमियर जन्मतःच आखूड असलेल्यांना अस्थिमज्जेचे आणि फुप्फुसाचे गंभीर आजार होतात, हेही खरे.

पण यावरून टेलोमियर म्हणजे आयुष्याचे घड्याळ ठरत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमियर आपल्यापेक्षा कितीतरी लांब, त्याच्या अनेक ऊतींत टेलोमरेजही जागे. तरी तो जगतो दोन-तीन वर्षे. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी तर विभागतच नाहीत. मग मेंदू थकतो तो कोणत्या मोजणीने?

खरा प्रश्न असा, की विभाजनाची ही मर्यादा कोणाला अडवते? उत्तर कर्करोगाच्या गाठीत सापडते. पी५३ आणि आरबी हे विभाजन रोखणारे दोन पहारेकरी निकामी झालेली पेशी मर्यादा ओलांडून विभागत राहते. टेलोमियर संपत येतात, उघडी पडलेली गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात, तुटतात, आणि बहुतेक पेशी मरतात. एखादीच वाचते, ती टेलोमरेज पुन्हा सुरू करून. मानवी कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्क्यांत हे विकर जागे असते. उरलेल्यांपैकी बरेच दुसऱ्या वाटेने टेलोमियर राखतात. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही वाढताहेत. तिथे पॅपिलोमा विषाणूने हेच दोन पहारेकरी गारद केले होते. अमरत्व हवेच असेल तर त्याचा नमुना हा आहे. उलट मर्यादा असलेल्या पेशीही उपयोगाच्या ठरतात: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लशीतला रुबेलाचा विषाणू वाढवतात तो मर्यादित आयुष्याच्या मानवी पेशींवर.

यावर आक्षेप येईल: १९९८ मध्ये निरोगी पेशींत टेलोमरेज घातले, त्या मर्यादेपलीकडे वाढल्या आणि कर्करोगी झाल्या नाहीत. मान्य. एकटे टेलोमरेज कर्करोग घडवत नाही. पण पुढच्याच वर्षी वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्याला एका विषाणूच्या जनुकाची आणि बिघडलेल्या रास जनुकाची जोड मिळाली, तेव्हा त्याच जातीच्या पेशींनी उंदरांत गाठी धरल्या. आणि आपल्या अंगात अर्धवट बिघडलेल्या पेशी थोड्याथोडक्या नसतात. हातावरचा तीळच पाहा. पुष्कळ तिळांत बीआरएएफ जनुकाचा तोच बिघाड असतो जो त्वचेच्या मेलानोमात आढळतो. पेशी काही काळ वाढल्या आणि थांबल्या. म्हणून तीळ वर्षानुवर्षे तीळच राहतो. तिथला लगाम मुख्यतः टेलोमियरचा नाही, पण थांबणे हे संरक्षण असते, एवढे त्यावरून दिसते. मेलानोमात मात्र टेलोमरेजच्या जनुकाचे नियंत्रण बिघडलेले वारंवार सापडते. २०१३ मध्ये ते उघड झाले.

माणसांतला पुरावाही तेच सांगतो. आनुवंशिकतेने टेलोमियर लांब असलेल्यांत काही कर्करोगांचा धोका वाढतो, हृदयविकाराचा मात्र कमी होतो. पीओटी१ जनुकातल्या दोषामुळे टेलोमियर लांब राहिलेल्या कुटुंबांत मेलानोमासह अनेक गाठी आढळल्या आहेत. म्हणजे हा सौदा आहे. एका बाजूने सूट घेतली की दुसरीकडे भरावे लागते.

तेव्हा वय थोपवणारी बाटली कोणी पुढे केली, तर किंमत विचारण्याआधी एवढेच विचारा: माझ्या अंगातल्या नेमक्या कोणत्या पेशींचे टेलोमियर ही लांबवणार?