सेवाबंधन, वतन आणि संप : करवीरचा दाखला

लोकोपयोगी कामें अडूं नयेत म्हणून तीं करणारास कितपत बांधून घ्यावें, हा प्रश्न गिरण्या व आगगाड्या यांच्याबरोबर उत्पन्न झाला, असा सार्वत्रिक समज आहे. आमच्या मतें तो बरोबर नाहीं. वेतन घेऊन काम न करणाऱ्या भृतकास कौटिल्यानें बारा पण दंड सांगितला आहे. परंतु वेतन बुडविणाऱ्या धन्यासहि दंड आहे, आणि व्याधि, संकट किंवा कुत्सित काम असल्यास भृतकास सवलत आहे. म्हणजे बंधन उभयपक्षीं होतें.

आमच्या गांवगाड्यांत हेंच कार्य वतनानें साधलें. महारानें सीम राखावी, साऱ्याचा भरणा ठाण्यांत पोंचवावा, मेलेलीं गुरें ओढावीं; मोबदला वतनी जमीन व खळ्यावरचें बलुतें. वरवर पाहतां येथेंहि देणेंघेणें आहे. परंतु चाकरी साऱ्या भाऊबंदांच्या मानेवर, जमीन मात्र पिढीगणिक वांटून तुकड्यांची. आणि चाकरी सोडावी तर वतनास मुकावें. अशानें हात आंखडला तर प्रथम स्वतःचेंच पोट आंवळावें लागे.

ही गांठ करवीरांत छत्रपति शाहू महाराजांनीं सोडविली. इ. स. १९१८ मध्यें त्यांनीं महार वतनें रद्द करून त्या जमिनी रयताव्यानें महारांच्याच नांवें केल्या. जमीन राहिली, सक्तीची चाकरी गेली. मुंबई राज्यांत अशीं कनिष्ठ वतनें रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला.

१९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यानें सार्वजनिक उपयोगाच्या सेवांत नोटिशीवांचून संपास मनाई केली, नोटिशीनंतरहि चौदा दिवस थांबावयास लाविलें. टाळेबंदी करणाऱ्या मालकासहि तोच नियम ठेविला. कौटिल्याचें उभयपक्षीं बंधन येथें पुन्हां दिसतें. एस. टी. कामगारांच्या २०२१-२२ च्या दीर्घ संपांत खेड्यांतील विद्यार्थ्यांचे व रोग्यांचे हाल झाले, हें खरें. सेवा चालू राहिली पाहिजे. परंतु ज्यास मोबदल्याची शाश्वति नाहीं व काम सोडण्याची मुभा नाहीं, त्याच्याकडून घेतली जाते ती सेवा नव्हे, वेठ होय. करवीरचा दाखला एवढेंच सांगतो.

संग्राहकांस एक विनंति. शिक्क्यामोर्तबाच्या सनदा आपण जपतों; बलुत्याच्या याद्या मात्र रद्दींत जातात. राबणाराची बाजू याद्यांतच सांपडावयाची. त्या जपाव्या.