कोरोना महामारी आणि डिस्नेलँडची पुनर्सुरुवात : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेले डिस्नेलँड कोरोनामुळे १४ मार्च २०२० पासून बंद झाले. पासष्टाव्या वर्धापनदिनी ते पुन्हा उघडण्याचा कंपनीचा मानस होता. तथापि कामगार संघटनांनी सुरक्षिततेविषयी शंका उपस्थित केल्या आणि राज्य शासनाची मार्गदर्शक तत्त्वेही वेळेत आली नाहीत. परिणामी हा बेत लांबणीवर पडला.

याउलट त्याच कंपनीची फ्लोरिडातील उद्याने ११ जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने खुली झाली. सार्वजनिक आरोग्याचे अधिकार अमेरिकेत प्रामुख्याने राज्यांकडे असल्याने ही तफावत निर्माण झाली. हाँगकाँगचे उद्यान तर १८ जूनला उघडून १५ जुलैला पुन्हा बंद करावे लागले. म्हणजेच कॅलिफोर्नियाची सावधगिरी अनाठायी नव्हती.

या अनिश्चिततेची किंमत श्रमिकांनी मोजली. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने अमेरिकेत सुमारे २८,००० कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली; त्यांपैकी सुमारे ६७ टक्के अर्धवेळ होते. उद्याने खुली असलेल्या फ्लोरिडातही ही कपात टळली नाही, कारण मर्यादित प्रवेशावर पूर्ण मनुष्यबळ पोसले जात नव्हते. डिस्नेलँड अखेर ३० एप्रिल २०२१ रोजी, तेही केवळ राज्यातील रहिवाशांसाठी, उघडले.

म्हणूनच ‘आरोग्य की रोजगार’ ही मांडणी अपुरी ठरते. दरवाजे उघडणे शासनाच्या हाती होते. रोजगार मात्र गर्दीवर आणि गर्दी साथीच्या ओसरण्यावर अवलंबून होती.