उदारमतवादी मध्यमवर्गाला ‘राष्ट्र’ कशासाठी हवं होतं? जर्मनीची गोष्ट

आज नकाशावर जर्मनी हा एक देश दिसतो. पण १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर तिथे ३९ राज्यांचा सैलसर संघ होता. ही राज्यं एकत्र यावीत, असं सर्वाधिक कोणाला वाटत होतं? व्यापारी, वकील, प्राध्यापक आणि अधिकाऱ्यांच्या मध्यमवर्गाला.

त्यांची मागणी काय होती?

या वर्गाकडे पैसा आणि शिक्षण होतं, पण सत्ता राजे आणि उमरावांच्या हाती होती. त्यामुळे त्यांना राज्यघटना, निवडून आलेली संसद, कायद्यापुढे समानता आणि मुद्रणस्वातंत्र्य हवं होतं.

व्यापाराचा काय संबंध?

दर राज्याची जकात, नाणी आणि मापं वेगळी होती. कापड ‘एल’ या मापाने मोजलं जाई. फ्रँकफुर्टमध्ये एक एल म्हणजे सुमारे ५४.७ सेंटिमीटर, तर न्यूरेंबर्गमध्ये ६५.६. १ जानेवारी १८३४ पासून प्रशियाच्या पुढाकाराने ‘झोलफेराइन’ हा जकात संघ सुरू झाला आणि सदस्य राज्यांमधली जकात हटत गेली. राजकीय एकीच्या आधी बाजारपेठ एक होऊ लागली.

१८४८ मध्ये काय घडलं?

क्रांतीच्या लाटेत राजे नमले आणि १८ मे १८४८ रोजी फ्रँकफुर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये अखिल जर्मन संसद भरली. तिने मूलभूत हक्कांची यादी आणि राज्यघटना तयार केली. स्त्रियांना मात्र फक्त प्रेक्षक सज्जात जागा होती. सप्टेंबरमध्ये फ्रँकफुर्टमध्ये उठाव झाला, तेव्हा तो मोडायला प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं सैन्य बोलावण्यात आलं. ज्या राजांच्या सत्तेवर मर्यादा घालायची, त्यांच्याच बंदुकांचा आधार संसदेला घ्यावा लागला.

एप्रिल १८४९ मध्ये संसदेने प्रशियाचा राजा फ्रीड्रिख विल्हेल्म चौथा याला सम्राटपद देऊ केलं. लोकप्रतिनिधींच्या हातून मुकुट घेणं त्याला मान्य नव्हतं, त्याने नकार दिला. पुढे संसदही मोडली.

मग जर्मनी एक कशी झाली?

युद्धांनी. १८६२ पासून पंतप्रधान बिस्मार्कने संसदेच्या मंजुरीविना खर्च करून लष्कर वाढवलं. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाचा पराभव होताच अनेक उदारमतवाद्यांनी त्या बेकायदा खर्चाला मागाहून मान्यता दिली. १८७१ मध्ये साम्राज्याची घोषणा झाली. पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला, पण चॅन्सलर संसदेला नव्हे, तर सम्राटाला जबाबदार राहिला.

यातून काय समजतं?

या वर्गासाठी राष्ट्र आणि स्वातंत्र्य या एकाच मागणीच्या दोन बाजू होत्या. त्यातली एक मिळाली, तेव्हा दुसरीवर तडजोड झाली. फ्रँकफुर्टची हक्कांची यादी मात्र वाया गेली नाही. १९१९ आणि १९४९ च्या जर्मन राज्यघटना लिहिताना तिचा आधार घेतला गेला.