लांडग्यांचा ‘तो’ व्हायरल फोटो : लीडर खरंच सगळ्यात शेवटी चालतो का?

पांढराशुभ्र बर्फ आणि त्यातून एका रांगेत चाललेले लांडगे. हा फोटो तुमच्याही ऑफिसच्या ग्रुपवर कधीतरी येऊन गेला असेल. त्याखाली लिहिलेलं असतं की, सर्वांत पुढचे तीन लांडगे म्हातारे किंवा आजारी आहेत आणि कळपाचा वेग तेच ठरवतात. त्यांच्यामागे पाच ताकदवान लांडगे, मग बाकीचा कळप, पुन्हा पाच ताकदवान आणि सगळ्यात शेवटी एकटा चालतो तो ‘अल्फा’. तात्पर्य काय, तर खरा लीडर मागे राहून सगळ्यांना सांभाळतो.

वाचायला भारी वाटतं, पण ही गोष्ट खोटी आहे.

फोटो नेमका कुठला?

फोटो खरा आहे. बीबीसीच्या २०११ मध्ये आलेल्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ या मालिकेच्या वेळी चॅडेन हंटर यांनी तो कॅनडातल्या वूड बफेलो राष्ट्रीय उद्यानात काढला. बायसनची शिकार करणारा हा २५ लांडग्यांचा कळप. फोटोच्या मूळ माहितीनुसार, कळपाच्या पुढे होती प्रमुख मादी. म्हातारे आणि आजारी लांडगे पुढे असल्याचा त्यात उल्लेखही नाही. ती गोष्ट २०१५ च्या अखेरीस फेसबुकवरून पसरली.

मग रांग कशासाठी? खोल बर्फात पहिल्याला वाट फोडावी लागते आणि त्यातच सगळ्यात जास्त दम लागतो. मागचे त्याच्या पावलांवरून चालतात, त्यामुळे त्यांची ताकद वाचते.

आणि ‘अल्फा’चं काय?

‘अल्फा बॉस’, ‘अल्फा मेल’ हे शब्द आज रील्समध्ये सर्रास दिसतात. रुडॉल्फ शेंकेल यांनी बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ मध्ये वर्चस्वाच्या लढाईची मांडणी केली. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकामुळे ती कल्पना घरोघरी पोहोचली.

गंमत म्हणजे ती खोडून काढायलाही मेकच पुढे आले. कॅनडाच्या एल्समेअर बेटावर त्यांनी अनेक उन्हाळे रानातले लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की, रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाबा आणि त्यांची पिल्लं. तिथे कुणी मारामारी करून साहेब होत नाही. ‘अल्फा’ म्हणजे साधेसुधे आईबाप! आपल्याच पुस्तकाची छपाई थांबवा, असं त्यांनी प्रकाशकाला अनेकदा सांगितलं.

आपल्याकडे सोलापूर, पुणे भागातल्या माळरानांवर राहणारे लांडगेही असेच छोट्या कुटुंबांनी राहतात.

मग ऑफिसने शिकायचं काय?

लांडगे काही आपल्याला मॅनेजमेंट शिकवायला जगत नाहीत. तरी तुलना करायचीच, तर खऱ्या माहितीवरून करूया.

एक, ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने वाट फोडावी. मागून ‘चला चला’ म्हणणं सोपं असतं. नव्या प्रोजेक्टचा पहिला, सगळ्यात किचकट भाग सीनियरने उचलला, तर ज्युनियरचे श्रम वाचतात.

दोन, वर्चस्वाची भांडणं दिसली ती पिंजऱ्यात. टीममध्ये सतत कुरघोडी चालत असेल, तर माणसांना नावं ठेवण्याआधी त्यांना कशा परिस्थितीत कोंडलंय, ते बघायला हवं.

तीन, ‘आपली कंपनी म्हणजे फॅमिली’ म्हणणाऱ्यांसाठी. लांडग्यांची पोरं साधारण एक ते तीन वर्षांची झाली की घर सोडतात, जोडीदार शोधतात आणि स्वतःचा कळप उभा करतात. त्यांना कुणी गद्दार म्हणत नाही. त्यामुळे राजीनामा देणाऱ्या सहकाऱ्याशी अबोला धरायचा असेल, तर निदान लांडग्यांचा दाखला देऊ नका.

तो फोटो पुन्हा ग्रुपवर आला तर जरूर लाइक करा, फोटो सुंदरच आहे. फक्त खालची गोष्ट पुढे ढकलू नका.