तुरुंगातले मास्तर

नाशिक शहराच्या इतिहासात दोन दरवाजे आहेत. एक पंचवटीतल्या काळाराम मंदिराचा आणि दुसरा नाशिकरोडच्या मध्यवर्ती तुरुंगाचा. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष व २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर जाऊन बसली. दांडीयात्रा निघायला तेव्हा अजून नऊ दिवस होते. रामाचा दरवाजा उघडला नाही. तुरुंगाचा दरवाजा मात्र अस्पृश्यांना कधीच बंद नव्हता. तिथे विटाळ आडवा येत नाही. आत गेल्यावर तो येतो, आणि कसा येतो ते पुढे पाहूच.

तुरुंगावरची एक गोष्ट आपल्या मध्यमवर्गीय वाचकाला फार आवडते. एक वाया गेलेला पोरगा असतो. चोरी करतो, मारामारी करतो, तुरुंगात जातो. तिथे त्याला कुणी भला माणूस भेटतो. कधी तो वयोवृद्ध कैदी असतो, कधी प्रेमळ जेलर, कधी गांधीवादी मास्तर. पोरगा रडतो, सुधारतो, बाहेर येऊन नीट संसार करतो. ही गोष्ट खोटी आहे असे मी म्हणत नाही. अशी माणसे भेटतात, त्यांच्यामुळे आयुष्ये वळतात. माझी तक्रार आहे ती या गोष्टीतल्या गृहीताबद्दल. पोरगा बिघडलेला आहे, समाज ठीक आहे, आणि वरच्या कुणीतरी हात देऊन त्याला वर ओढायचे आहे, असे हे गृहीत. ‘सुधारणा’ आणि ‘उद्धार’ हे दोन्ही शब्द आपण चांगले ओळखतो. आपल्याही उद्धाराचे कंत्राट पुष्कळांनी घेतले होते.

म्हणून हा प्रश्न इतिहासात नेऊन पाहिला पाहिजे. तुरुंग खरोखरच शाळा कधी झाला? कोणासाठी झाला? आणि तिथले मास्तर कोण होते?

१९३२-३३ सालचा नाशिकचा तुरुंग घ्या. कायदेभंगाच्या चळवळीतील राजबंद्यांनी तो भरलेला होता. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही मंडळी तिथे होती. त्यांच्या वाचनातून, रात्रंदिवस चाललेल्या वादांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली आणि १९३४ साली पक्ष उभा राहिला. याच तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. एका तुरुंगाने एक पक्ष दिला आणि मराठीला तिचे सर्वात जास्त वाचले गेलेले एक पुस्तक दिले. शाळा याहून वेगळी काय असते?

या शाळेची हजेरी मात्र तपासली पाहिजे. १९३० पासून कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग केले गेले होते आणि ते गुन्ह्यापेक्षा कैद्याच्या राहणीमानावर, शिक्षणावर, सामाजिक दर्जावर बेतलेले होते. म्हणजे बाहेर जो वरचा, तो आतही वरचा. पुस्तके, दिवे, कागद, बोलायला बरोबरीचे सोबती या सुविधा वर्गानुसार कमीजास्त होत. साने गुरुजींसारख्या माणसाने स्वतः कष्टाचे काम अंगावर घेतले आणि उरलेल्या वेळात लिहिले, हे खरे आणि त्यांच्या मोठेपणाला धरूनच आहे. त्यांच्या पुस्तकात महाराच्या म्हातारीला लाकडाची मोळी उचलून देणारा श्याम आहे. पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलासाठी त्यांनी प्राण पणाला लावले. त्यांच्याविषयी कृतज्ञता ठेवूनही एक प्रश्न उरतो. त्या मोळीखालच्या म्हातारीचा नातू त्या वेळी कुठे होता? कदाचित पलीकडच्याच बराकीत असेल. त्याच्या हातात लेखणी नव्हती, झाडू होता.

हा ‘झाडू’ मी अलंकार म्हणून वापरत नाही. वसाहतकाळातल्या तुरुंग-नियमावल्यांनी कामाची वाटणी जातीवर केली होती. स्वयंपाक कोणत्या जातीच्या कैद्याने करायचा आणि मैला कोणी उचलायचा, हे सरकारी कागदावर लिहिलेले होते. मनुस्मृती रस्त्यावर जाळता येते. बाबासाहेबांनी ती १९२७ साली महाडला जाळली. पण तुरुंगाच्या नियमांत ती राहून गेली, ती कुणी जाळायची? या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर त्या दिवशी न्यायालयाने जातीवर कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले आणि तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. घटना लागू होऊन तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती.

काळाराम सत्याग्रहातली आपली माणसेही याच काळात तुरुंगात जात-येत होती. दादासाहेब गायकवाड गेले, खेड्यापाड्यांतून आलेले शेतमजूर गेले, बाया गेल्या. त्यांच्यातून ‘श्यामची आई’ आली नाही, पक्षही आला नाही. याचे कारण त्यांना सांगण्यासारखे काही नव्हते असे नव्हे. ज्याला तुरुंगातून सुटल्यावर गावात पाणवठा बंद, मजुरी बंद, त्याला आठवणी लिहायला सवड कोण देणार? त्यांचा तुरुंगवास ओव्यांत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिला, आणि त्यातला बराचसा त्यांच्याबरोबरच गेला. आणखी एक योगायोग पाहा. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करारही येरवड्याच्या तुरुंगातल्या उपोषणातूनच झाला. आपल्या राजकीय हक्कांचा सौदासुद्धा तुरुंगाच्या भिंतीआड!

आता त्या ‘वाया गेलेल्या’ पोराकडे येऊ. तो वाया गेला हे कोणी ठरवले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे या कायद्यात मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची तरतूद आली, तिचे नाव होते सुधारणा! मुंबई इलाख्यात १९२९ साली बोर्स्टल शाळांचा कायदा झाला आणि पोरवयातल्या गुन्हेगाराला अट्टल कैद्यांपासून दूर ठेवून काही शिकवावे हा विचार कागदावर आला. विचार वाईट नव्हता. पण पारध्याच्या, कैकाड्याच्या, मांग-गारुड्याच्या पोराला हजेरी द्यायला रोज चौकीवर उभे करायचे आणि मग त्याला शीलाचे धडे द्यायचे, यात कोणती नीती आहे? ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. संशय राहिला. कोंबडी हरवली की पोलीस आजही आधी पालावर जातात.

मग तुरुंगात आपल्या पोराला खरा मास्तर भेटला, असे एकही उदाहरण नाही काय? आहे. ते नाशिकच्या शेजारच्या जिल्ह्यातले आहे, आणि ज्याचे आहे तो महाराष्ट्राला एका वेगळ्याच नावाने माहीत आहे.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत एका गरीब मुसलमान घरात मेहबूब हुसेन पटेल हा मुलगा जन्मला. आई मुनेरबी. तिच्या गळ्यात गाणे होते आणि घरात दाणा नव्हता. पोराने पाणक्याचे काम केले, मोटारीवर क्लीनर झाला, गिरणीत गेला. आपल्या वस्त्यांतल्या पोरांची ही ओळखीची वाट आहे. शाळा सुटते, हाताला मिळेल ते काम, मालकाची शिवी आणि पोटात साठत जाणारा संताप. या संतापाला दिशा मिळाली नाही तर तो दारूच्या अड्ड्यावर, मटक्यावर, नाहीतर सुऱ्यावर जातो. मेहबूब चळवळीत गेला. १९३० साली तो चौदा वर्षांचा होता. कायदेभंग आणि गिरणी कामगारांचे लढे यांच्या त्या धुमाळीत हे पोरगे तुरुंगात पडले आणि विसापूरला पोचले.

अहमदनगर जिल्ह्यातले, श्रीगोंदे तालुक्यातले विसापूर म्हणजे उजाड माळरान. तिथे त्याची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली. आजूबाजूला चरखा आणि रामधून, आणि त्यात हा कम्युनिस्ट. पोराने स्वतःहून असा गुरू शोधला असता असे वाटत नाही. त्यांच्यात काय बोलणे झाले याचा शब्दशः वृत्तांत देण्याचा मोह मी टाळतो. मराठीत असे कल्पित संवाद पुष्कळ लिहिले गेले आहेत. परिणाम मात्र इतिहासात नोंदलेला आहे. विसापूरच्या ओळखीतून मेहबूब कम्युनिस्ट झाला. पाणक्याचे पाणी, क्लीनरची शिवी, गिरणीतला घाम हे सारे एका सूत्रात बांधून दाखवणारा विचार त्याला तिथे भेटला. ‘तू वाईट आहेस, चांगला हो’ हे या शिकवणीचे सूत्र नव्हते. ‘तुझ्यावर जे झाले ते का झाले, ते समजून घे’ हे होते. सुधारणा आणि जाणीव यांत फरक आहे तो एवढाच, पण तो मुळाचा आहे. सुधारलेला कैदी मान खाली घालून बाहेर येतो. जाण आलेला कैदी मान वर करून येतो, आणि म्हणूनच तुरुंगाला तो आवडत नाही.

तुरुंगातून सुटल्यावर हा तरुण कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत कामाला होता. तिथल्या मित्रांनी त्याला नवे नाव दिले. ते नाव अमर शेख. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. एक मुसलमान, एक मांग आणि त्यांचा सोबती असे तिघे डफ घेऊन मुंबईच्या गिरणगावात उभे राहिले, तेव्हा हजारो कामगार भान विसरून ऐकत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या आवाजाने मैदाने भरली. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक त्यांच्या नावावर आहे. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. त्यांची मुलगी मल्लिका कवयित्री झाली, आणि १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्या नामदेव ढसाळांची जीवनसाथी झाली. विसापूरच्या बराकीपासून गोलपिठ्यापर्यंत असा एक धागा येतो. तो फार ताणण्याचे कारण नाही. वाचकांनी तो पाहावा एवढेच.

येथे बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. धम्मदीक्षांची प्रकरणे लिहिताना त्यांनी उपाली न्हावी आणि सुणीत भंगी यांना जागा दिली आणि पतितांच्या, गुन्हेगारांच्या दीक्षेलाही स्वतंत्र जागा दिली. त्यात अंगुलिमाल आहे. अट्ठकथेत त्याची पूर्वकथा आली आहे. तक्षशिलेचा हा हुशार विद्यार्थी. सहाध्यायांच्या मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने दक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली. एकलव्याकडे एकच अंगठा मागितला होता, तेवढी सवलत इथे नव्हती! गुरूनेच बिघडवलेल्या या तरुणाला धरायला राजा प्रसेनजित सैन्य घेऊन निघाला होता. बुद्ध त्याच्या आधी, एकटा आणि निःशस्त्र, रानात गेला होता.

मज्झिम निकायातला पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भिक्षू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याच्यावर दगड, काठ्या पडतात. डोके फुटलेले, पात्र मोडलेले, चीवर फाटलेले, अशा स्थितीत तो परत येतो. माणूस बदलला तरी गाव बदललेले नसते, हे त्या सुत्ताने लपवले नाही. सुधारलेल्या कैद्याच्या आपल्या गोड गोष्टी तुरुंगाच्या फाटकाशी संपतात. हे सुत्त फाटकाच्या बाहेर येते.

आणि फाटकाच्या बाहेर आज काय आहे? २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ सालच्या एका खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे फाशीची शिक्षा कायम झाल्यानंतर सिद्ध झाले. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. या पोराचा ‘उद्धार’ कशापासून करायचा होता? त्याने गुन्हाच केला नव्हता. त्याला मास्तर नव्हे, वेळेवर एक वकील हवा होता. आपल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी, ही गोष्ट मनावर घेतली पाहिजे. जिल्हा न्यायालयात मोफत कायदेसाहाय्याची समिती असते. आपल्या वस्तीतले कोण पोर किती दिवसांपासून आत आहे, त्याच्या वयाचा दाखला न्यायालयापुढे गेला की नाही, जामीन मिळूनही केवळ जामीनदार म्हणून उभा राहायला माणूस नाही म्हणून तो आत सडतो आहे काय, ही यादी दर तालुक्याला करता येईल. शाळेच्या दाखल्यावरची एक जन्मतारीख फाशी आणि सुटका यांच्यामध्ये उभी राहू शकते. शिक्षकांनो, तो दाखला तुमच्या कपाटात असतो.

तुरुंगात शिकण्याची सोय आज पूर्वीपेक्षा नक्कीच बरी आहे. १९८९ साली नाशिकलाच स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे तुरुंगांपर्यंत पोचली आणि कैदी पदव्या घेऊ लागले. हे मोलाचे आहे, त्याला नावे ठेवणार नाही. पण कऱ्हाडकरांसारखा मास्तर आज त्या पोराला भेटेल काय? विचारासाठी आत गेलेल्या कैद्याला अंडा सेलमध्ये वेगळे काढले जाते. १९३० चे इंग्रज सरकार याबाबतीत थोडे गाफील होते, त्याने पाणक्या पोराला आणि कम्युनिस्टाला एकाच तुरुंगात ठेवले.